मामाला तूप वाढ

प्रश्न : नमस्कार मॅडम. मी नाशिकचा, वय २९. कंपनीतली नोकरी सांभाळून शॉर्टफिल्म करतो. नवी पटकथा लिहून झाली आहे आणि तिच्यावरून घरात रोज वाद चाललेत. गोष्ट आमच्या जुन्या वाड्यातली, खरी घडलेली. शेजारच्या बिऱ्हाडातल्या नऊ वर्षांच्या मुलीवर, सुट्टीत राहायला आलेल्या तिच्या मामाने अत्याचार केला. वाड्यात सगळ्यांना कळलं होतं, पण कुणी तोंड उघडलं नाही. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. ते डोक्यातून कधी गेलंच नाही.

आई म्हणते, असल्या विषयावर सिनेमा काढायचाच कशाला? घाण दाखवून घाण जाते का? पैसे घालणारा मित्र नेमकं उलटं म्हणतो. त्याच्या मते प्रसंग पूर्ण दाखवला नाही तर तो पळपुटेपणा. प्रेक्षक खुर्चीत हादरला पाहिजे. मुलीच्या भूमिकेसाठी माझी सख्खी भाची डोळ्यांसमोर आहे. नऊ वर्षांची आहे, चुणचुणीत आहे, शाळेच्या नाटकांत कामं करते. बहीण तयार आहे, दाजी नाहीत. भाची तर एका पायावर तयार आहे. पटकथेची मधली पानं जोडली आहेत. गंभीर सिनेमात लहान मुलांवरचे गुन्हे दाखवावेत की नाहीत, एकदा स्पष्ट सांगा.

– नाव छापू नये

उत्तर : स्पष्टच सांगते. सिनेमा करा. सातव्या पानावरचा बंद खोलीतला प्रसंग काढून टाका. भाचीला घेऊ नका. या तीन वाक्यांवर तुमच्या घरातलं कुणी ना कुणी नाराज होणार, म्हणून कारणंही लिहिते.

आईंचा प्रश्न आधी घेते, कारण तो उडवून लावण्यासारखा नाही. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाचा २००७ चा अभ्यास आहे. १३ राज्यांतल्या १२ हजारांहून जास्त मुलांशी बोलून तो केला होता. त्यातल्या ५३ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक छळ झाल्याचं सांगितलं, आणि त्यांत मुलगे मुलींपेक्षा काकणभर जास्तच होते. (मुलग्यांचं हे अजूनही कुणाच्या गावी नसतं. तुमच्या पुढच्या पटकथेसाठी सांगून ठेवते.) करणाऱ्यांपैकी निम्मे ओळखीतले किंवा विश्वासातले होते. म्हणजे तुमची फिल्म जिथे कुठे लागेल, त्या अंधारात ज्यांना हे माहीत नाही असे लोक जसे बसलेले असतील, तसे ज्यांच्या अंगावर हे गेलंय असेही असतील. आणि नाइलाजाने लिहिते, ज्यांनी हे केलंय असाही एखादा असू शकेल. आईंना वाटणारी भीती तिथली असेल तर ती रास्त आहे. पण त्यावरून निघतं एवढंच, की सिनेमा जपून करायला हवा. करूच नये, असं निघत नाही.

न बोलल्याने घाण जात नाही, याचा पुरावा खुद्द तुमचा वाडाच आहे. मे २०१२ मध्ये ‘सत्यमेव जयते’चा दुसरा भाग याच विषयावर होता, आठवत असेल. रविवारी सकाळी, घरातली सगळी मंडळी टीव्हीसमोर असताना. पॉक्सो कायद्याचं, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याचं, विधेयक आधीपासून संसदेत होतंच आणि ते त्याच महिन्यात मंजूरही झालं, त्यामुळे कार्यक्रमाने कायदा आणला असं म्हणता येणार नाही. पण कित्येक घरांत हा विषय पहिल्यांदा मोठ्याने निघाला तो त्या सकाळी. त्या कार्यक्रमात दाखवलं काय होतं? मोठी झालेली माणसं खुर्चीत बसून, लहानपणी आपल्याशी कोण कसं वागलं आणि घरी सांगायला गेल्यावर काय झालं, ते सांगत होती. नाट्यरूपांतर नाही, पडद्यामागच्या सावल्या नाहीत. तरी ऐकवत नव्हतं.

आईंबद्दल आणखी एक. तुमच्या पत्रात ते नाही, पण वाचताना लक्षात आल्याशिवाय राहत नाही. वाड्यात ‘सगळ्यांना कळलं होतं’, असं तुम्ही लिहिता. त्या सगळ्यांत तुमच्या आईही होत्या. वय असेल तिशी-पस्तिशीचं, घरात सासू, पदरात तुम्ही दोघं भावंडं. हा आरोप नव्हे. त्या काळात, त्या वाड्यात, शेजारणीच्या भावाबद्दल तोंड उघडणाऱ्या बाईचं काय झालं असतं, हे तुम्हाला-मला ठाऊक आहे. पण ‘असला सिनेमा काढायचाच कशाला’ या वाक्यामागे विषयाच्या किळसेपेक्षा वेगळंही काही असू शकेल. एखाद्या दुपारी कॅमेरा, रेकॉर्डर काही न घेता त्यांच्याशी बोला. त्या काही सांगतील, किंवा उठून आत जातील. पटकथेसाठी म्हणून विचारू नका. त्यांना ते लगेच कळेल.

आता मित्र. तो पैसे घालतोय, त्यामुळे त्याला नाही म्हणणं जड जाणार, हे समजून आहे. पण ‘हादरवणं’ ही सिनेमातली फार स्वस्त गोष्ट आहे. लहान मुलाची किंकाळी घ्या, वर व्हायोलिन ठेवा, कुठलाही प्रेक्षक हादरेल. आणि मग घरी जाऊन जेवेल. आपल्या हिंदी सिनेमात वर्षानुवर्षं हेच होत आलंय: पहिल्या अर्ध्या तासात पोरीचं वाटोळं करायचं, म्हणजे पुढचे दोन तास नायकाला माणसं तुडवायला परवाना मिळतो. त्यात ती पोर कोण होती, तिला काय आवडायचं, नंतर तिचं काय झालं, याचं कुणालाच सोयरसुतक नसतं. पळपुटेपणा म्हणायचाच असेल तर मी याला म्हणेन.

फ्रिट्झ लांग या दिग्दर्शकाचा ‘एम’ हा १९३१ चा जर्मन सिनेमा मित्रासोबत बसून पाहा. लहान मुलींना मारणाऱ्या माणसाची गोष्ट आहे. पहिल्या काही मिनिटांतच एल्सी नावाच्या पोरीचा खून होतो आणि लांग त्यातलं काहीही दाखवत नाही. शाळेतून परतताना ती चेंडू उडवत चाललीय; तो चेंडू एका खांबावरच्या पत्रकावर आपटतो, खुन्याला पकडून देणाऱ्यासाठी बक्षीस जाहीर झालेल्या पत्रकावर. तेवढ्यात त्याच कागदावर एका माणसाची सावली पडते. तिकडे घरी आई जेवणाची तयारी करतेय. घड्याळाकडे बघते, जिन्यात पावलं वाजली की दार उघडते. दुसरीच मुलं वर जातात. मग ती हाका मारायला लागते, आणि हाकेच्या आवाजावर एकेक चित्र येतं: रिकामा जिना, कपडे वाळत घातलेला पोटमाळा, टेबलावर मांडलेली ताटली. त्यानंतर झुडपाआडून तो चेंडू घरंगळत येतो आणि थांबतो. त्या माणसाने तिला घेऊन दिलेला फुगा विजेच्या तारांत अडकून फडफडतो. संपलं. नव्वदहून जास्त वर्षं झाली, अजून ती ताटली कुणी विसरलेलं नाही. मित्राला विचारा, प्रेक्षक कुठे हादरला? तिथे तर किंकाळीसुद्धा नाही.

हे सभ्यतेसाठी केलेलं नाही, हे मात्र नीट समजून घ्या. ‘न दाखवणं’ म्हणजे गोष्ट सौम्य करणं, असा आपल्याकडे एक गैरसमज आहे. दिवा मालवायचा, दोन फुलं एकमेकांवर आपटवायची, हे जुनं तंत्र लाजेतून आलं होतं. लांग जे करतो त्याने गोष्ट अधिक क्रूर होते, कारण त्याचा कॅमेरा खुन्याजवळ न थांबता आईजवळ थांबतो. निर्णय तिथे असतो, कॅमेरा कुणाजवळ उभा आहे यात.

या मापाने तुमचं सातवं पान वाचा. तुम्ही लिहिलंय: ‘दुपार. खिडकीच्या गजांतून ऊन. पंख्याची सावली. मुलगी चटईवर झोपलेली. क्लोजअप : तिचे पाय, फ्रॉकची किनार. कॅमेरा हळूहळू वर सरकतो.’ तुमचा हेतू शुद्ध आहे याबद्दल मला शंका नाही. पण हळूहळू वर सरकणारी ही नजर कुणाची आहे? खोलीत त्या वेळी दोनच माणसं आहेत. मुलगी झोपलेली आहे. म्हणजे तुमच्या नकळत तुम्ही प्रेक्षकाला मामाच्या डोळ्यांत नेऊन बसवलंत. पुढे तुम्ही कितीही करुण संगीत लावा, ती नजर आधी पडून गेलेली असते. आणि ते पाय कुठल्या तरी खऱ्या मुलीचे असणार आहेत.

आता बारावं पान. तुम्हाला ते महत्त्वाचं वाटलेलं दिसत नाही, कारण तिथे फक्त अडीच ओळी आहेत. रात्रीची जेवणं. मामा पाटावर बसलाय. आई चुलीपाशी, हात पिठात. ती मुलीला म्हणते, ‘मामाला तूप वाढ.’ मुलगी तुपाची वाटी उचलते. पुढच्या ओळीत तुम्ही थेट सकाळवर गेलात!

अहो, तुमचा सिनेमा त्या अडीच ओळींत आहे. नऊ वर्षांची पोर त्या माणसाच्या ताटापर्यंत चालत जाते. चार पावलं. आईची पाठ तिच्याकडे. बाबा भातावर वरण ओतून घेतायत. आजी म्हणतेय, अगं थोडं जास्त घाल, मामा आहे तो. माया आणि पाहुणचार, सगळं जिथल्या तिथे आहे, आणि त्या सगळ्यानेच तिच्याभोवतीची दारं लावून घेतली आहेत. हा प्रसंग एक मिनिट टिकवून धरा. कापू नका. तूप पडतं का, वाटी पडते का, की ती अगदी नीट वाढून परत येते, ते तुम्ही ठरवा. (माझं मत विचाराल तर नीट वाढते. सांडलं तर कुणीतरी तिला रागावेल आणि प्रेक्षकाला रडायला निमित्त मिळेल.) दुपारी काय झालं ते प्रेक्षकाला त्या चार पावलांत समजेल, आणि त्याला मामाच्या डोळ्यांतून काहीही बघावं लागणार नाही.

मीरा नायर यांच्या ‘मॉन्सून वेडिंग’मध्ये (२००१) हेच केलेलं आहे. लग्नघर, पाहुण्यांची गर्दी, आणि घरावर उपकार करून ठेवलेला एक श्रीमंत नातलग. घरातल्याच रिया या तरुणीच्या लहानपणी त्याने काय केलं ते आपण एकदाही पाहत नाही. तो आता घरातल्या छोट्या मुलीला गाडीतून फिरवून आणायला निघालाय, आणि रिया धावत जाऊन ती गाडी अडवते, हे पाहतो. मग सगळ्या कुटुंबासमोर तिचं बोलणं, आणि त्यानंतर घरातल्या कर्त्या पुरुषाला पडलेला पेच: याला लग्नातून घालवायचं कसं? तो शेवटी त्याला जायला सांगतो. ते वाक्य त्याच्या तोंडून निघेपर्यंतचा जो वेळ आहे, तो खरा सिनेमा. तुमच्या वाड्यातल्या कर्त्या पुरुषांना तो पेच पडलाच नव्हता का? पडला असेल तर लिहा.

मित्र हुशार असेल तर तो कोरियाचं उदाहरण काढेल. तेही खरं आहे, म्हणून आधीच सांगून ठेवते. ग्वांगजू शहरातल्या कर्णबधिर मुलांच्या एका निवासी शाळेत मुलांवर वर्षानुवर्षं अत्याचार झाले, खटले झाले, आणि आरोपी किरकोळ शिक्षांवर सुटले. त्यावर आधी कादंबरी आली आणि २०११ मध्ये ‘डोगानी’ हा सिनेमा. दिग्दर्शक ह्वांग डोंग-ह्युक. पुढे ‘स्क्विड गेम’ या मालिकेमुळे आपल्याकडच्या पोरांनाही ठाऊक झालेले. सिनेमा चाळीस लाखांवर लोकांनी पाहिला, रस्त्यावर संताप उसळला, प्रकरण पुन्हा उघडलं गेलं, शाळा बंद झाली. काही आठवड्यांत संसदेने कायदा बदलला: तेरा वर्षांखालच्या मुलांवरच्या आणि दिव्यांगांवरच्या लैंगिक गुन्ह्यांना खटला भरण्याची कालमर्यादा उरली नाही. सिनेमाने इतकं सरळ काही घडवल्याची उदाहरणं जगात फार नाहीत.

आणि हो, ‘डोगानी’मध्ये बरंच काही दाखवलेलं आहे. मला ते प्रसंग पाहवले नाहीत, आणि त्यांची गरज होती असं आजही वाटत नाही. लोक खवळले ते न्यायालयातला भाग पाहून. हातवाऱ्यांनी सांगितलेली साक्ष, बाहेर चाललेल्या तडजोडी, हलक्या शिक्षा ऐकून आरोपींच्या चेहऱ्यावर आलेला सुटकेचा भाव. राग यायला लोकांना कुणीतरी जबाबदार माणूस समोर लागतो. नुसत्या अत्याचाराच्या दृश्याने किळस येते, आणि किळस आली की माणूस तोंड फिरवतो. हे माझं मत झालं. कोरियातल्या प्रेक्षकाचं वेगळं असू शकेल.

आपल्याकडचंच बघा. बदलापूरच्या शाळेतलं चिमुरड्या मुलींवरच्या अत्याचाराचं प्रकरण उघडकीला आल्यावर ऑगस्ट २०२४ मध्ये लोक रेल्वे रुळांवर उतरले. घटना भयंकर होतीच. पण पालकांना तक्रार नोंदवायला पोलीस ठाण्यात तासन् तास बसवून ठेवलं, ही बातमी आली आणि लोकांचा संयम सुटला. चार वर्षांच्या मुलीला मांडीवर घेऊन बाकावर बसलेली आई. त्यात दाखवू नये असं काहीही नाही, आणि पाहवत मात्र नाही.

सेन्सॉरचा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण थिएटरात किंवा जाहीर प्रदर्शनात गेलात तर तो येणारच. ख्वाजा अहमद अब्बास यांनी एक लघुपट केला होता, त्यात मुंबईच्या वेश्यावस्तीची काही दृश्यं होती. त्यावरून ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९७० च्या त्या निकालात सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांनी सेन्सॉरची पद्धत उचलून धरली, पण म्हटलं असं, की बलात्कार, कुष्ठरोग, लैंगिक अनैतिकता हे विषय आहेत म्हणून कात्री चालवायची नसते. निर्मात्याने ते हाताळले कसे, ते बघायचं असतं. सेन्सॉरसाठीच्या १९९१ च्या मार्गदर्शक सूचनांमध्येही मुलांवरच्या हिंसेची किंवा छळाची दृश्यं ‘विनाकारण’ दाखवू नयेत असंच आहे. म्हणजे विषयाला बंदी नाही. कारण मात्र तुम्हाला देता आलं पाहिजे, आणि ‘प्रेक्षक हादरला पाहिजे’ हे तिथे कारण म्हणून चालणार नाही.

आता भाची. इथे मी जरा कडक होणार आहे.

ती एका पायावर तयार आहे, असं तुम्ही कौतुकाने लिहिलंत. नऊ वर्षांच्या मुलीला तिच्या लाडक्या मामाने सिनेमात काम देऊ केलं तर ती काय नाही म्हणणार? तिच्या त्या होकाराला मी होकार धरत नाही. आणि कुणाची भूमिका? मामाने जिचं वाईट केलं त्या मुलीची. सेटवर ‘ॲक्शन’ म्हणणारा तिचा मामा, पडद्यावरचा गुन्हेगार मामा. तुम्हाला फरक कळतो. तिला आज नाही कळणार, आणि चौदाव्या वर्षी कळेल तेव्हा ती फिल्म यूट्यूबवर असेल आणि वर्गातल्या पोरांनी पाहिलेली असेल. दाजी नाही म्हणतायत ते मागासलेपणातून, असं तुम्हाला वाटतंय का? पत्राचा सूर मला तसा वाटला. त्या घरात या बाबतीत सगळ्यांत शुद्धीवर तेच आहेत.

कायदाही माहीत असू द्या, कारण शॉर्टफिल्मवाल्यांना हे आपल्याला लागू नाही असं वाटत असतं. चौदा वर्षांखालच्या बालकलाकाराला काम द्यायचं तर निर्मात्याने जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची असते. दिवसात पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही. मानधनातली किमान २० टक्के रक्कम मुलाच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत. मुलाच्या मनाविरुद्ध काम करून घ्यायचं नाही. याशिवाय पॉक्सो कायदा मुलांचा वापर करून कुठल्याही माध्यमात लैंगिक स्वरूपाचं चित्रण करायला थेट गुन्हा मानतो, मग ते कृत्य नुसतं अभिनयाचं का असेना. २०२२ मध्ये एका मराठी चित्रपटाच्या ट्रेलरमध्ये अल्पवयीन मुलांची दृश्यं होती, त्यावरून प्रकरण पॉक्सो न्यायालयात आणि पोलिसांत गेलं होतं. सातवं पान लिहिलंय तसं शूट केलंत तर तुम्ही त्याच वाटेवर असाल.

मग मुलगी कुठून आणायची? दुसरी शोधा, नात्याबाहेरची, शक्य तर गोष्टीतल्या वयापेक्षा दोन-तीन वर्षं मोठी पण चणीने लहान. तिच्या आईवडिलांना पूर्ण पटकथा द्या. तिला तिच्यापुरती गोष्ट सांगा: घरात एक पाहुणा आलाय, तो तुला आवडत नाही, आणि तुला हे कुणाला सांगता येत नाहीये. तुपाच्या प्रसंगासाठी एवढं भरपूर आहे. मुलांना न आवडणारा पाहुणा पुरता ठाऊक असतो. मामाचं काम करणारा नट तिच्याशी सेटवर, तिच्या पालकांसमोर, चांगली ओळख करून घेऊ दे. जिथे दोघं एका फ्रेममध्ये असण्याची गरज नाही तिथे वेगवेगळ्या वेळी शूट करा, एडिटिंगमध्ये जोडा.

जेनिफर फॉक्स या दिग्दर्शिकेने २०१८ मध्ये ‘द टेल’ नावाचा सिनेमा केला, स्वतःच्या तेराव्या वर्षी जे झालं त्यावर. लैंगिक प्रसंगांत तिने मुलीच्या जागी प्रौढ बॉडी डबल (बदली नटी) वापरली आणि तसं पडद्यावर लिहून सांगितलं. त्या सिनेमातली एक जागा तुमच्यासाठी मुद्दाम सांगते. नायिकेला आठवणीत स्वतःचं तेरा वर्षांचं रूप बऱ्यापैकी मोठं, जाणतं दिसतं, आणि तशीच नटी आपल्याला दिसत असते. मग आई तिला तेव्हाचा फोटो दाखवते. फोटोत एक चिमुरडी आहे. त्यानंतर तेच प्रसंग पुन्हा येतात, या वेळी खरोखर लहान मुलीसह. पाहताना पोटात गोळा येतो. ‘मी तेव्हा मोठी होते, माझीही चूक असेल’ ही समजूत एका फोटोने कोसळते, आणि त्यासाठी कसल्याही कृत्याचं चित्र लागत नाही.

राहिली ती वाड्यातली मुलगी. तुमच्या हिशेबाने ती आज २८ वर्षांची. तिला विचारलंत का? तुमच्या मनात तो प्रसंग इतकी वर्षं राहिला, मान्य. पण तो घडला तिच्याबाबतीत. ‘बँडिट क्वीन’ या सिनेमाच्या वेळी, ज्यांच्यावर तो होता त्या फूलनदेवी स्वतः दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या होत्या, की माझ्यावरचे बलात्कार मला न विचारता पडद्यावर दाखवले जातायत. पुढे तडजोड झाली, आणि १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सिनेमाच्या बाजूने निकालही दिला. ती दृश्यं वासना चाळवण्यासाठी नसून घृणा यावी म्हणून आहेत असं न्यायालयाने मानलं. निकाल योग्य असेल. फूलनदेवींचा प्रश्न मात्र त्याने मिटला असं मला वाटत नाही.

तुमची ही शेजारीण सापडत असेल तर एखाद्या समंजस बाईमार्फत निरोप पोचवा, थेट फोन करू नका. ती नको म्हणाली तर तिची गोष्ट सोडा आणि वाड्याची ठेवा; ती तुमचीही आहे. हो म्हणाली तरी गाव, वाडा, बिऱ्हाड, शाळा, मामाचा व्यवसाय, सगळं बदला. अत्याचारित मुलाचं नावच नव्हे, तर शाळा आणि शेजारपाजारही उघड होऊ नये असं पॉक्सोचं कलम २३ माध्यमांना बजावतं. ‘सत्य घटनेवर आधारित’ ही पाटी लावूच नका. नाशकात वाडे किती आणि बिऱ्हाडं किती, जुनी माणसं दोन दिवसांत नाव काढतील.

प्रदर्शनाच्या वेळी सुरुवातीला विषयाची साधी सूचना द्या आणि शेवटी १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर. दिवे लागल्या लागल्या माईक फिरवून ‘कसं वाटलं’ विचारायची पद्धत आहे, ती या एका फिल्मपुरती बंद ठेवा. ज्याला बोलायचंय तो दाराशी थांबेल. तिथे तुमच्यासोबत एखादी समुपदेशक असू द्या.

आणि एक गोष्ट मी पत्रात दोनदा शोधली. मुलगी आहे, आई आहे, वाडा आहे, मित्र, दाजी, भाची सगळे आहेत. तो माणूस आज कुठे आहे, याबद्दल अक्षर नाही. तेव्हा तो पंचविशीचा धरला तर आज पंचेचाळिशीत असेल. मुलं असतील त्याला, कदाचित पुतणे, भाचरं, शिकवणीला येणारी पोरं. तो कुणाच्या घरात वावरतोय हे तुम्हाला ठाऊक असेल आणि तिथे लहान मुलं असतील, तर पटकथा तूर्त बाजूला ठेवा. आईंना विचारा, त्यांना माहीत असेल. एखादं मूल आज त्याच्या तावडीत असल्याची शंका आली तर १०९८ वर किंवा पोलिसांत कळवा. अशी शंका असताना कळवणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि तुमच्या वाड्यातल्या मोठ्या माणसांना जी मुभा होती ती तुम्हाला नाही. शूटिंग पावसाळ्यानंतर केलं तरी चालेल.